पिवळ्या टोपीचं उजवं-डावं

हॅलो?… हॅलो, ताई? हो, मीच. आईचा फोन माझ्याकडे आहे. आई खाली सभागृहात बसलीय, पहिल्या रांगेत. एका खुर्चीवर ती, एका खुर्चीवर पर्स, एका खुर्चीवर छत्री. अख्ख्या रांगेची मालकीण असल्यासारखी.

…नाही गं, घाबरले नाहीये. जिन्यावरून धावत आले ना, म्हणून आवाज असा येतोय.

…हो, आजच. अजून पंचवीस मिनिटं आहेत. मी संगणकाच्या खोलीला लागून ती अडगळ आहे ना, जुने नकाशे गुंडाळून ठेवलेली, तिथे उभी आहे. बाईंना सांगून आले की पाणी पिऊन येते. बरं झालं तुझाच फोन आला, मीच करणार होते. तुझं दुकान उघडं आहे ना? गिऱ्हाईक असेल तर…

…कुणी नाही? बरं. मग ऐक. मला कुणीतरी दगा दिलाय.

…नाही, मुलगा-बिलगा नाही. ताई, प्रत्येक गोष्टीत मुलगा नसतो.

…अगं ऐक ना. मला वाक्य संपवू दे. तू नेहमी माझं वाक्य अर्ध्यात पकडतेस आणि भलत्याच दारातून बाहेर काढतेस.

हं. तर ती आतली शाळा, तुला मागे सांगितलं होतं बघ. डोळ्यांवर ते जाडं डबडं चढवायचं की वर्ग गायब. डबडी सहाच आहेत, म्हणून पाळीपाळीने. बाकीचे पडद्यावरून येतात, चार ते पाच घरूनही येता येतं. विज्ञानाच्या बाईंनी या वेळी हृदय उघडलंय. अख्खं हृदय, आपल्या सभागृहाएवढं. आपण रक्तातली पेशी व्हायचं आणि त्यातून चालत जायचं. भिंती धपधप हलतात. पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाला मळमळलं, एकाने तर खरोखरच बाईंच्या वहीवर… जाऊ दे.

…हो, आणि आत नावं नसतात. प्रत्येकाची बाहुली, आणि बाहुलीच्या अंगावर काय आहे तेच नाव. मी लाल बूट. एक जण निळा मोजा आहे, एक चट्ट्यापट्ट्याचा स्वेटर. कोण कुठली बाहुली ते बाहेर विचारायचं नाही, हा बाईंचा नियम. का, तर बाहेर जो हुशार म्हणून मिरवतो, त्याचा दरारा आत चालू नये.

आणि एक पिवळी टोपी होती.

…काही नाही, खोकलीस का तू?… बरं, पाणी पी.

तर पिवळी टोपी म्हणजे, ताई, ढ. म्हणजे प्रेमाने म्हणतेय मी. तिला उजवं-डावं कळायचंच नाही. उजव्या निलयात, म्हणजे खालच्या कप्प्यात, जायचं तर ही डावीकडे भिंतीवर जाऊन आदळायची. झडपा तर एकाच बाजूला उघडतात ना, पुढे जाता येतं, मागे नाही. तर ही हमखास मागे फिरायची आणि झडपेत अडकायची. तंबूच्या फटीत मांजर अडकावं तशी. आणि मग खाली अक्षरं उमटायची, ‘लाल बूट, मला काढ ना.’ बोलायची नाही ती, नुसती टाइप करायची. म्हणाली माइक बिघडलाय. मला वाटलं, लाजते. मला वाटलं, चला, माझ्याहून मुकी कुणीतरी आहे जगात.

…हो, मुकीच. वर्गात मला तेच म्हणायचे, तुला माहीत आहे. आणि का म्हणायचे तेही तुला माहीत आहे.

…नाही, आत्ता तो विषय नाही काढत. काढलास तू. बरं.

तर मी तिला काढायचे आणि समजवायचे. मोठ्याने, माइकवर. आधी चार शब्द, मग चार वाक्यं. मग हळूहळू इतर बाहुल्या यायच्या आणि मागे उभ्या राहायच्या. एक दिवस वळून बघते तर अकरा जण. आणि मी बोलतच होते, ताई. मला कळलंच नाही कधी सुरू झाले ते. मग बाहेरच्या वर्गात एकदा बाईंनी विचारलं की फुफ्फुसातून रक्त कुठे जातं, तर माझा हात आपोआप वर. मी स्वतःच माझ्या हाताकडे बघत बसले, हा कुणाचा म्हणून. बाई पण बघत बसल्या.

…हो, हो, सांगितलं होतं मी तुला, रविवारी. पण टोपीचं नव्हतं सांगितलं. ते माझं होतं.

आणि त्यावरूनच तर आजचं मला मिळालं. चाळीस पालकांना हृदयातून फिरवून आणायचं. सहा जण डबडी लावून, बाकीचे मोठ्या पडद्यावर बघणार. वाटाड्या मी. मी बाईंना सांगितलं की पिवळी टोपी बरोबर असेल तरच. कारण आमचं ठरलं होतं, ती झडपेत अडकणार, विचारणार, आणि मी सांगणार. कुणी चुकलं की माझी जीभ सुटते, ताई. सगळे गप्प बसून बघायला लागले की… तुला माहीत आहे काय होतं.

आणि टोपी गायब. अकरा दिवस. एक अक्षर नाही. मी रोज चार वाजता त्या झडपेपाशी जाऊन उभी राहते. रक्त येतंय, रक्त जातंय, टोपी नाही.

…आजारी कसली? वर्गात सगळे हजर आहेत. मला वाटत होतं ती खिडकीतली असणार. खिडकीजवळ बसते ना ती, बारीक, सारखी नखं खाणारी. मी दोन महिने तिच्याकडे बघून खुणेने हसत होते. तिच्या पेन्सिलींना टोकं करून दिली. काल शेवटी नियम मोडला आणि तिला मधल्या सुट्टीत गाठलं. म्हटलं, ठरवून असं ऐन वेळी का सोडतेस? तर ती मागे सरकत म्हणते, मी निळा मोजा आहे, आणि तू माझ्या पेन्सिली का तासतेस हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

…हसू नकोस. बरं, हस. मलाही काल रात्री हसू आलं. पण राग जात नाहीये. कुणीतरी आहे त्या वर्गात, जिला मी सगळं… आणि ती गंमत बघत बसलीय. आज मागच्या बाकावर बसून हसणार, बघा कशी अडखळते.

(आले, काका. हो, पाणीच पितेय. पाच मिनिटं.)

शिपाईकाका होते. नकाशांच्या खोलीत कुठलं पाणी, म्हणाले.

…हं.… हो.… नाही, येतं सगळं. पाठ आहे.… सुरुवात? सुरुवात तीच. मोठ्या पडद्यावर हृदय येणार, मी म्हणणार, हे चित्र नाही, हा पाहुणा आहे, आपल्याशी… हो, हात मिळवायला आलेला, आपल्याकडे तोंड करून, म्हणून त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे, तिथून आत शिरायचं. बरोबर. ते नाही विसरणार मी. ते तर…

थांब.

ताई, आत्ता काय म्हणालीस तू?… नाही, त्याच्या आधी. मी ‘आपल्याशी’ म्हटलं आणि पुढचं तू म्हणालीस.… हात मिळवायला आलेला. तू म्हणालीस.

कुणी सांगितलं तुला ते?

…पुस्तकात नाहीये. पुस्तकात आकृती आहे आणि बाण आहेत. पाहुणा पुस्तकात नाहीये, पाहुणा मी केलाय.

…मी कधी सांगितलं? रविवारी? रविवारी आपण बोललो तेव्हा तू मला विचारलंस वेणी घालणार की केस मोकळे, आणि मग तुझं ते गिऱ्हाईक आलं, ज्याच्या चष्म्यात तू डावी काच उजवीकडे बसवली होतीस आणि तो पायरी सोडून चालत…

डावी काच उजवीकडे.

…हॅलो? आहेस ना? तुझा श्वास ऐकू येतोय.

ताई, ती पाहुण्याची युक्ती मी आयुष्यात एकाच व्यक्तीला सांगितलीय. झडपेच्या कडेवर बसून, पाय खाली सोडून, आम्ही दोघीच. बाईंनाही अजून माहीत नाही, आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगणार होते.

टोपी तू होतीस?

…नाही, ‘ऐकून घे’ नको. हो की नाही.

…

हो.

…नाही, मी आहे. आहे इथेच. खाली बसले जरा. नकाशाची नळी पडली, तोच आवाज आला तुला.

कशी काय आत आलीस तू? तू शाळेत नाहीस, तू दुसऱ्या गावात चष्मे विकतेस.… कसली चिठ्ठी?… पालकांची चावी, आत यायच्या आकड्यांची. आईला आली होती ती? ती तर कपाटाच्या आरशात खोचून ठेवली होती, मी रोज बघते, मला वाटलं ती कुणी उघडलीच नाही. आईने तुला त्यावरचे आकडे वाचून दाखवले? फोनवर? मी घरात असताना?… अंघोळीला गेले असताना. वा.

म्हणजे आईला माहीत.… आणि बाई?… बाईंना कळलं कसं?… हो, बरोबर आहे, आम्ही अडतीस आणि बाहुल्या एकोणचाळीस. मीही मोजल्या होत्या, मला वाटलं एक बाईंचीच असेल. म्हणजे बाईंनी तुला फोन केला, आणि तू सांगितलंस, आणि त्या म्हणाल्या राहू दे. म्हणजे मी त्यांना सांगितलं की टोपी असेल तरच, तेव्हा त्या मान हलवून हसल्या, त्या… तेव्हा त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. चार माणसांची गोष्ट, तिघींना माहीत आणि चौथी माइकवर भाषण देतेय.

…माझ्यासाठी. हो, ठाऊक आहे माझ्यासाठी. तू सगळं माझ्यासाठीच करतेस. दुकानात मी उभी असले तरी बिस्किटं तू मागायचीस. पाहुण्यांनी मला नाव विचारलं की सांगायचीस तू. सहावीत मी स्टेजवर चौथ्या ओळीला अडखळले, तर तिसऱ्या रांगेतून उठून अख्खी कविता म्हणून टाकलीस तू. टाळ्या वाजल्या, ताई. तुला. मी स्टेजवर उभी होते आणि टाळ्या तिसऱ्या रांगेला. दुसऱ्या दिवसापासून मी मुकी.

…मला माहीत आहे तुला मदतच करायची होती. तू वाईट केलंस असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतेय की मला वाटलं होतं मी कुणाला तरी शिकवलं. माझी एक विद्यार्थिनी होती. एकुलती एक. ढ, हट्टी, पण माझी. तिला माझ्यामुळे काहीतरी कळायला लागलं होतं. आणि आता कळतंय की ती मला खेळवत होती. लहान मुलाला मुद्दाम जिंकू देतात ना पत्त्यांत, तसं. तसं जिंकले मी.

…खोटं नव्हतं म्हणतेस. बरं, सांग मग. एकेक विचारते, खरं सांग. माइक बिघडला होता?… खोटं. बरोबर, आवाज ओळखला असता मी. फुफ्फुसातून परत येताना हरवलीस, मी अख्खा तास शोधलं, ते?… गिऱ्हाईक आलं होतं. म्हणजे मी तुला हाका मारत फिरतेय आणि तू कुणाला तरी फ्रेम दाखवतेयस. आणि झडप? झडपेत अडकायचीस ते?… पहिल्यांदा खरं. आणि नंतर?… नाही, किती वेळा मुद्दाम, आकडा सांग.

…सात वेळा. सात वेळा मी तुला बाहेर ओढलं.

आणि अकरा दिवस का नाही आलीस? ठरलं होतं ना आपलं? मुद्दाम अडकायला वेळ होता, मग…

…

…नाही.

…ते तू वाचलंस. म्हणजे ऐकलंस. अर्थात ऐकलंस, तूच होतीस समोर.

अकरा दिवसांपूर्वी. त्याच कडेवर. टोपीने विचारलं, आधी तू गप्प का असायचीस. आणि मी सांगितलं. म्हटलं, मला एक मोठी बहीण आहे, तिचं मी बोलायच्या आधी बोलून होतं. ती नोकरीला दुसऱ्या गावी गेली ते बरं झालं. ती घरात असती तर आज हा आवाज निघाला नसता. आणि वर म्हटलं, तिला सांगू नकोस हं. आणि हसले. म्हटलं, तू कुठून सांगणार, तू तिला ओळखतही नाहीस.

…तू काहीच टाइप केलं नाहीस. टोपी नुसती उभी राहिली. मला वाटलं, तुझं नेट गेलं.

…रडतेयस?… रडू नकोस. नाही, रड. मला नाही माहीत काय सांगू. मी माफी मागणार नाही, ताई. ते तुला सांगितलंच नव्हतं मी. तुला सांगायचं असतं तर वेगळ्या शब्दांत सांगितलं असतं, दोनदा विचार करून, तुझा हात धरून. ते दुसऱ्या कुणासाठी होतं. तू तिथे बसायलाच नको होतंस.

…खरं होतं का ते? हो. खरं होतं. आणि तू गेल्यावर पहिला महिनाभर मी तुझ्या उशीवर झोपत होते, तेही खरं आहे. पण ते टोपीने विचारलं नाही.

(काका, आले ना.… दहा मिनिटं? बाईंना सांगा, येतेच आहे.)

…काय? नको. नको, ताई. आत्ता लगेच येऊ नकोस टोपी घालून. मला ठाऊक आहे तुला येता येईल. तू येशील, झडपेत अडकशील, विचारशील, मी सांगेन, सगळे टाळ्या वाजवतील. आणि मला कळत राहील की टाळ्या पुन्हा तिसऱ्या रांगेला आहेत.

…काय होईल म्हणजे? अडकेन कदाचित. चाळीस पालक, मोठा पडदा, आणि मी माइक धरून गप्प. होऊ शकतं.

…एक राहिलं विचारायचं. उजवं-डावं. तेही नाटकच ना? आदळायचीस भिंतीवर, ते?

…खरं?… म्हणजे अजूनही घड्याळ बघून सांगतेस डावा हात कुठला?… आणि पाहुण्याची युक्ती?… काय, कुठे लावलंस?… तपासणीच्या खुर्चीसमोर. चिठ्ठी. ‘गिऱ्हाईक म्हणजे हात मिळवायला आलेला पाहुणा.’ त्याचा उजवा डोळा आपल्या डावीकडे. आणि तेव्हापासून एकही काच…

एकही नाही?

…म्हणजे पायरी सोडून चालणाऱ्या त्या माणसाचा चष्मा त्याच्या आधीचा.

…बरं. नाही, काही नाही. विचार करतेय.

…माफ केलं असं नाही. ते विचारू नकोस आज. आज माझं डोकं तापलंय आणि मला ते तापलेलंच हवंय, त्याच्यावर बोलता येईल मला. घरी गेल्यावर आईशीही बोलायचंय, आणि बाईंशी. एकेकीला बघते.

ऐक. यायचं असेल तर ये. टोपी काढून ये. बाईंना सांग, वाटाड्याची बहीण, म्हणून पालकांच्या रांगेत उभं करा. बाकीच्या पालकांसारखी राखाडी बाहुली. एक अक्षर टाइप करायचं नाही. आणि मी थांबले ना मध्येच, अडकले, पूर्ण मिनिटभर अडकले, तरी नाही. थांबू दे मला. मी थांबलेली बघायला सगळ्यांना कसंतरी होईल, तुला तर फारच होईल. होऊ दे. माझं वाक्य मी संपवणार, नाहीतर ते तसंच अर्धं पडून राहील सभागृहात. पण तू नाही उचलायचं.

…जमेल?… नुसतं ‘हं’ नको.

…बरं. मग ठेव आता, डबडं घालायचंय मला.

…काय? कुठून आत यायचं? अगं, उजव्या अलिंदातून, वरच्या कप्प्यातून. म्हणजे पडद्यावर… नाही, तुझ्या उजवीकडे नाही, त्याच्या. पाहुण्याच्या.… नाही ताई, तो घड्याळाचा हात, तो डावा, त्याच बाजूने… थांब, तू आत्ता मुद्दाम…?

…नाही ना? शपथ?

बरं. मग नीट ऐक, एकदाच सांगते. आधी समोर बघ.